कुठलं पाणी?

सदलगा,
१४ ऑगस्ट २०२५

चि. महादेव,

आशीर्वाद. तुम्ही सगळी बरी असाल असं धरून चालते. माझा गुडघा आहे तसाच आहे. पावसानं आठ दिवस उघडीप दिलेली नाही आणि दूधगंगा मारुतीच्या देवळाच्या पहिल्या पायरीला लागली आहे. हे तुला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात माझ्याआधी कळलं असेल. तरी लिहिलं, कारण पत्रात चार बातम्या घालाव्या लागतात.

रचनाचे तीन प्रश्न पोचले. पोरीनं फोन न करता कागदावर लिहून पोस्टानं पाठवले. आत्या फोन उचलत नाही, हे आता तिच्यापर्यंतही गेलं म्हणायचं. शाळेत 'नद्या आणि प्राचीन संस्कृती' असा प्रकल्प आहे आणि आत्यानं एकतीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून तिची मुलाखत हवी. तुमच्या शहरातल्या एवढ्या मोठ्या शाळेला सदलग्याची रिटायर बाई लागावी, याचं हसू आलं.

पहिला प्रश्न, माणसं नदीकाठी का राहिली? तिला सांग, आळसानं. घागर लांबून आणायला नको, गुरं लांब हाकायला नकोत. पुस्तकात हेच जरा बऱ्या शब्दांत दिलेलं असतं.

दुसरा, नदीनं त्यांना काय दिलं? गाळ दिला. पूर ओसरला की काठावर मऊ गाळ उरतो, त्यात बी टाकलं की फार न राबता उगवतं. नाईलच्या काठी गहू आला, आपल्या मळीत वांगी आली. सिंधूकाठच्या लोकांनी तसल्याच मातीच्या विटा भाजून शहरं बांधली. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, हेही तिला समजावून सांग. तुमच्या घरात हा शब्द तिनं फक्त भांडणात ऐकला असणार.

तिसरा प्रश्न मी चार दिवस तसाच ठेवला आहे. 'एवढे पूर येत होते, तर ती माणसं उठून दुसरीकडे का गेली नाहीत?' पोरीचं अक्षर अगदी तुझ्यावर गेलं आहे.

आधी मळीचंच बोलते. तुला ती वीटभट्टीला माती काढायला द्यायची होती, मला द्यायची नव्हती. दोन महिने आपण फोनवर भांडलो. वर्गात सिंधूच्या विटांचं कौतुक करतेस आणि घरची माती दिली तर तुझं काय जातं, असं तू विचारलंस. ते मला फार लागलं. शेवटी मी म्हणाले, वाटणीवर पाणी सोडल्याशिवाय मला फोन करू नकोस. हे शब्द माझे. तू विसरला असशील, मी विसरलेले नाही.

मग ऑगस्ट आला, एकोणीस सालचा.

पुरात गेलेल्या आईच्या दिवसकार्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी तुला म्हणाले की धरणाचे आकडे तुझ्या टेबलावर येतात आणि घरच्या माणसांना तू एका शब्दानं कळवलं नाहीस. तू म्हणालास, मेसेज केलता. मी म्हणाले, आला नाही, टॉवर बंद होता. भरमूमामा ताटावरून उठला आणि त्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. इथं तुझं नाव निघालं की 'आईला वाऱ्यावर सोडली त्यानं' असंच निघतं. मी ते ऐकते आणि चहा ठेवायला उठते. तू मात्र माझ्यावर विश्वास ठेवलास. 'मी स्वतः का गेलो नाही,' एवढंच तू त्या दिवशी दहा जणांपाशी म्हणत होतास.

टॉवर बंद पडला तो दुसऱ्या दिवशी.

तुझा मेसेज आला होता, महादेव.

त्या सकाळी तुझा फोन सहा वेळा वाजला. रागानं मी उचलला नाही. मग मेसेज आला. तो अजून आहे, जुना फोन मी टाकलेला नाही. 'आक्का, पाणी सोडलंय. आता तरी हट्ट सोड आणि आईला घेऊन ये.'

मी तो दोनदा वाचला आणि मला आनंद झाला. मला वाटलं, तू मळीवरच्या हक्कावर पाणी सोडलंस. धाकट्या भावानं हार मानली. बाहेर नदी फुगलेली आणि मला त्या दोन शब्दांत दुसरं काही दिसलं नाही.

आईनं तेव्हा गाठोडं बांधून उंबऱ्याजवळ ठेवलं होतं. दोन लुगडी, देवाचे टाक आणि तुझ्यासाठी शेंगाची चटणी. म्हादूकडं जाऊया म्हणून पहाटेपासून मागं लागली होती. मी तिला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. अंगठा उठवणारी बाई ती. ऐकून म्हणाली,

"सोडलंय म्हंजे? कुठलं पाणी गं?"

मी हसले. तिला म्हटलं, तसं बोलायची रीत असते, त्यानं हक्क सोडला.

"त्येला धरणाचं समजतंय न्हवं? इचार की परत."

मी विचारलं नाही. लगेच फोन केला असता तर माझी किंमत गेली असती. गाठोडं मी माझ्या हातानं सोडलं आणि टाक पुन्हा देव्हाऱ्यात मांडले.

दुपारी गल्लीतली माणसं उंचावरच्या शाळेकडं निघाली. शेजारची जयाबाई आम्हाला न्यायला आली. तिला मी मारुतीची तिसरी पायरी दाखवली. दोन हजार पाचला पाणी तिथवर आलं होतं, त्याच्या वर नाही, असा इतिहास सांगून तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आमच्या घरात होतं. आम्ही माळ्यावर चढलो. देव खाली राहिले म्हणून आई पुन्हा उतरली आणि मधली भिंत तिच्या अंगावर बसली. ती भिंतही मळीच्याच मातीची होती.

'आईच निघायला नाही म्हणाली' असं मी सगळ्यांना सांगितलं. आई एकदाही नाही म्हणाली नव्हती.

तू 'धरणातलं' एवढा एक शब्द जास्त लिहायला हवा होतास. सहा वर्षं मी हेच उगाळते आहे आणि आज लिहितानाही तुझा राग येतो. मग आठवतं, तो शब्द नसतानाही आईला कळलं होतं.

हे पत्र भरमूमामाला वाचून दाखव. तो दाराबाहेर उभं करील, तरी दाखव. मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू करशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि ती मला सोसणार नाही. मळीवरचा माझा हक्क मी तुला देते. त्यासाठी आपल्या भाषेत जो शब्द आहे तो मी आता वापरत नाही. सही केलेला कागद सोबत आहे. भट्टीला दे, नाहीतर वांगी लाव.

रचनाला तिसरं उत्तर असं लिहायला सांग. ती माणसं उठून गेली नाहीत, कारण प्रत्येक घरात एक शहाणं माणूस होतं आणि मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं ते त्याला पाठ होतं.

लिहिता लिहिता पाणी दुसऱ्या पायरीला आलं. जयाबाई दारात उभी आहे, मी तिच्याबरोबर शाळेकडं निघते. या वेळी गाठोडं मी बांधलं आहे. त्यात टाक आहेत आणि तो फोन आहे.

लिहिता-वाचता येणारी,
तुझी आक्का