पहिलाच रकाना

जव्हार, मंगळवार, फेब्रुवारी १९८८

प्रशिक्षणातून चिडूनच परत आले. बुद्धी असून वाचता न येणारी मुलं ओळखायला आम्हा शिक्षिकांना शिकवताहेत, म्हणजे त्यांना परीक्षेत लेखनिक देता येईल. पण अर्जातला पहिलाच रकाना: घरची भाषा. मराठी नसेल तर चाचणी घ्यायचीच नाही, अडचण भाषेची धरायची! शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "मग इथं आदिवासी पाड्यांवर चाचणी घेऊ कुणाची?" म्हणाल्या, "नियम आहे हो."

साखरशेतची माझी सातवीतली जानी धडा एकदा ऐकला की तोंडपाठ सांगते, वाचायला दिला की घामाघूम होते. घरी वारली बोलतात, खरंय. पण तिची धाकटी बहीण घडाघडा वाचते. एकाच घरातल्या, एकाच बोलीतल्या दोघी. हे कुठे लिहू? त्याला रकानाच नाही.

संध्याकाळी जानीला बोलावून तिचा अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच रकान्याशी अडले. खोटं आपल्या अक्षरात नको, म्हणून कागद जानीपुढे सरकवला. "इथं मराठी लिही." लाज वाटते आता.

ती कागद परत सरकवत म्हणाली, "बाई, तुमीच लिवा. मला लिवता आलं असतं तर ह्यो कागद कशाला लागला असता?"

मी लिहिलं: मराठी.