सारजाचा गुणतक्ता

बोरी, ता. जिंतूर
४ डिसेंबर २०२४

चि. सत्यशीला हिस,
दादांचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवाच्या फोनवर तू तिकडच्या थंडीबद्दल सांगत होतीस आणि मी वांग्यांचा भाव सांगत होतो, असं तुझ्या आईचं म्हणणं. कानाला यंत्र लावूनही फोनमधलं काही कळत नाही. तेव्हा पत्रच बरं. तू दिलेल्या फिरतीच्या यादीप्रमाणे हे जयपूरच्या पत्त्यावर टाकतोय.

एक विचारायचं आहे. माझी मुलगी ड्रेसाज नावाची घोडेस्वारी शिकवते आणि त्याची परीक्षकही आहे, हे मी दहा वर्षं लोकांना सांगतोय. पण पुढं कुणी विचारलं की माझी गाडी अडते. मी बत्तीस वर्षं इंग्रजीचे पेपर तपासले. पेपर टेबलावर गप पडून राहतो. तुझा घोडा तर चालता असतो. मग तू मार्क देतेस कधी आणि कशाला? सविस्तर लिही.

दुसरं असं की १९ जानेवारीला आपल्या माळावर नाचऱ्या घोड्यांची स्पर्धा आहे. परीक्षक म्हणून तुलाच बोलवा, असा मंडळींचा आग्रह आहे. चंद्रभान त्याची घोडी सारजा उतरवणार आहे. तुला सातव्या वर्षी घोडीवर बसवणारा तोच, त्यामुळे त्याची छाती आतापासूनच फुगली आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, पत्रानं ती पोचती करत जा.
तुझे, दादा


जयपूर
१३ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र क्लबच्या चौकीदारानं थेट तबेल्यात आणून दिलं. घोड्यानं पाकिटाचा कोपरा खाल्ला, मजकूर वाचला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद रिंगण असतं. कडेनं इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, आणि त्या अशा क्रमानं का लावल्यात हे जगात कुणालाच धड माहीत नाही. स्वार एकेका पाटीपाशी ठरलेली हालचाल करून दाखवतो. मी टोकाला एका जागी बसून प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण बोलते, शेजारचा लेखनिक लिहून घेतो. घोडा किती उड्या मारतो हे आम्ही बघत नाही. तो स्वाराचं ऐकतोय की स्वाराला भितोय, हे बघतो. शेवटी प्रत्येकाला त्याचा कागद मिळतो. कुठं काय चुकलं, ते त्यावर लिहिलेलं असतं.

बाकी माझं आयुष्य म्हणजे एक बॅग. सोमवार ते शुक्रवार एका गावात शिकवायचं, शनिवार-रविवार दुसऱ्या गावात गुण द्यायचे. उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत, हे आठवायला मला मिनिटभर लागतं.

ओळखीच्या माणसाला गुण द्यायचे नाहीत, असा आमच्यात संकेत आहे. तो मी मंडळींना फोनवर सांगितला. ते म्हणाले, ताई, मग इथं कुणालाच देता येणार नाहीत. येते. अट एकच, सगळ्यांना कागद द्यायचा.

आईला सांगा, बाजरीची भाकरी हवी. तुमची माया माझ्या बॅगेत असतेच, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची, सत्यशीला


बोरी
२५ जानेवारी २०२५

चि. सत्यशीला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू स्पर्धा संपताच परभणीहून गाडी पकडलीस, त्यामुळे मागची गंमत तुला कळली नाही. सगळ्यांचे कागद दुसऱ्या दिवशी वाटले. आपल्याकडं आजवर भोंग्यावर नंबर पुकारायचे, पहिल्याला फेटा बांधायचे, की संपलं. हरलेल्यालाही कागद मिळतो याचं लोकांना फार नवल वाटलं.

सारजा अकरात नववी आली. पब्लिकनं सगळ्यात जास्त शिट्ट्या तिलाच मारल्या होत्या, तरी तू एकूण दहापैकी चारच गुण दिलेस. ते का, हे मला अजून उमगलं नाही. चंद्रभान कागद घेऊन माझ्याकडं आला. इंग्रजी होता, तेव्हा मीच वाचून दाखवला. त्यानं मान डोलावून सगळं ऐकलं, चहा घेतला आणि समाधानानं गेला. लग्नसराईच्या सुपाऱ्याही त्यानं घेतल्या आहेत म्हणे.

तू इतकी कडक कधी झालीस? माणूस एकाहत्तर वर्षांचा आहे.

काळजी घे, आणि आमच्यावर गुणांची कंजुषी नको.
तुझे, दादा


भोपाळ
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र चारदा वाचलं. त्यातला 'समाधानानं' हा शब्द मला खटकतोय.

मी सवयीनं इंग्रजीत बोलत गेले आणि परभणीहून आलेली लेखनिक, प्रियांका, तसंच लिहीत गेली. बोरीच्या माळावर इंग्रजी कागद वाटले, ही माझी चूक. पण तळाशी मी काय लिहिलं होतं, ते इथं मराठीत देते: "घोडीची जीभ एका बाजूला लोंबतेय, काळीनिळी पडली आहे. काटेरी लगाम आजच काढा. महिनाभर तोंडात लोखंड नको. नाहीतर जीभ जाईल."

हे ऐकून कुणी समाधानानं चहा पीत नाही. आता वरातीत सारजा तोच लगाम घालून रोज तीन-तीन तास नाचणार.

खरं तर मी उठून चंद्रभानकाकांना तोंडावरच सांगायला हवं होतं. त्यांच्याभोवती गर्दी होती, माझी गाडी होती. पण ती निमित्तं. मला धीर झाला नाही, म्हणून ते कागदावर ढकललं. तुम्ही ते वाचलंत की गाळलंत, एवढंच कळवा. गाळलं असेल तर हे पत्र हातात पडताच आधी त्यांच्याकडं जा.

रागावून लिहिते आहे, पण तुमचीच आहे.
सत्यशीला


बोरी
११ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

गाळलं. चारचे सात केले आणि तळाच्या शेऱ्याऐवजी 'घोडी उमदी आहे, अनुभवी हात दिसतो' असं वाचलं. बत्तीस वर्षांत एकाही पोराचा अर्धा मार्क वाढवला नाही, आणि इथं तोंडानं तीन वाढवले. त्याचा चेहरा बघून माझी जीभ वळली नाही.

तुझं पत्र आलं तसा उठलो. चंद्रभान सारजाला हिरवा घास घालत होता. तिच्या तोंडात लगाम नव्हता, तोंडाबाहेरून नुसतं दोरीचं मोहरकं बांधलेलं होतं. मी कबूल केलं. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "गुर्जी, तीन आठवडे झाले, मी तुमची वाट बघायलोय."

झालं होतं असं, की कागद मराठीत लिहून भिंतीला लावावा म्हणून त्यानं तो दुसऱ्याच दिवशी रेणुकाकडं नेला, आपल्या शाळेतल्या नव्या मास्तरीणबाईंकडं. तिनं अक्षर न् अक्षर खरं सांगितलं. त्याच दिवशी लगाम काढला, सगळ्या सुपाऱ्या परत केल्या. माझ्याकडं मात्र आला नाही.

मी माफी मागितली, तेव्हा म्हणाला, "पोरीनं मला घोडेवाला धरलं. तुमी लेकरू धरलं." मग घमेलं उचलून आत गेला. सत्यशीला, चाळीस वर्षांच्या दोस्तीत इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

रोज जाऊन ओट्यावर बसतो. तो बोलत नाही. पण ऊठही म्हणत नाही.

या चुकीसकट जीव लावत राहा.
तुझे, दादा


बोरी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीलास चंद्रभानकाकाचा राम राम.

पत्ता तुज्या आईकडून घेतला. माजं अक्षर वाकडंतिकडं हाय, सांभाळून घे.

कागद भिंतीला लावलाय, मराठी करून. चार ते चारच. पण तळाचं तू तोंडावर सांगायला पायजे व्हतं. मी काय खाल्लं असतं का तुला? तो लगाम माज्या बापाचा, त्याच्या आदी त्याच्या बापाचा. काटा न्हाई तर घोडी नाचत न्हाई, असंच मी बी शिकलो. तिला दुखतंय हे मला दिसत नव्हतं असं न्हाई. दिसायचं, पण असंच असतंय म्हनायचो. त्याचं लय वाईट वाटतंय.

जीभ भरत आली. घास चावून खायलीय.

गुर्जी रोज ओट्यावर येऊन बसतेत. कालपासून चहा द्यायलोय. बोलन दोन-चार दिसांत.

आता एक इचारायचं हाय. परवा सारजाला नुसत्या मोहरक्यावर, पाठीवर न बसता, माळावर नेलं. दोरी सैल सोडली. वाटलं, पळून जाईल. न्हाई गेली. मी चाललो तशी चालली, मी थांबलो तशी थांबली. मी वळलो, तर मान वळवून माज्याकडं बघितलं आन मंग वळली. पन्नास वर्सं घोडी बाळगली, पर माज्याकडं बघून चालनारी ही पयली. ह्याला तुमच्या कागदात काय म्हनतेत आन किती मार्क देतेत?

खरं हाय तेवढंच कळव.

तुजा, चंद्रभानकाका