चार तुकड्यांतला निरोप

प्रिय ताई,

फोन असताना याला पत्र कशाला सुचलं, असं म्हणत तू चष्मा शोधत असशील. पत्राचा एकच फायदा आहे. ते मध्येच तोडता येत नाही. फोनवर तू मला वाक्य कधी पुरं करू दिलंयस?

आधी बातमी. माझी प्रयोगशाळेतली खोली रिकामी करतोय. निरोपाची भाषणं झाली. संचालकबाई म्हणाल्या, यांनी फुप्फुसांतल्या रक्तदाबाला आयुष्य वाहिलं. मागच्या रांगेत एक विद्यार्थिनी पुटपुटली, ‘आणि उंदरांनीही!’ तिला वाटलं, सरांना काय ऐकू जातंय. रेडिओ दुरुस्त करून फी भरलेला माणूस मी. खरखरीतलं गाणं मला बरोबर सापडतं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, पण बोचलं. आमच्या औषधानं उंदीर टुणटुणीत झाले गं, माणसांवरच्या चाचणीत मात्र ते सपशेल आपटलं. तुझी मुलं मला उंदीरमामा म्हणतात, ती काही खोटी नाहीत.

आई बाजारात कशी चालायची, आठवतं? दर दुकानासमोर थांबायची. भांडी, कापड, कुलपं, काहीही बघायची. बाबा तिला ‘पाहणी अधिकारी’ म्हणायचे आणि तीही हसायची. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी रक्ताचे नमुने आणायला एका इस्पितळात गेलो होतो. जिन्याच्या वळणावर एक बाई भिंतीवरची सूचना वाचत उभी होती, बराच वेळ. नंतर वॉर्डात तिनं सहीच्या जागी अंगठा उठवला. तेव्हा कुठे मला कळलं, की कुलपांच्या दुकानात आई काय बघत होती. त्याच दिवशी मी हा विषय धरला.

हृदयाकडून फुप्फुसांत जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब निराळा. तो छानच असतो. म्हणून दम लागतो म्हटलं की जो तो म्हणतो, वजन कमी करा. दमलेला माणूस दम लपवतो आणि हसून लपवतो, हे मी देशोदेशी सांगत फिरलो. लोक टाळ्या वाजवायचे. तुझ्याकडे यायचं तेवढं दर वर्षी राहून गेलं.

तुझे व्हॉइस मेसेज मी पुसत नाही. परवा खोली आवरताना सगळे ओळीनं लावले. दोन वर्षांपूर्वीचा एक आहे. भावोजींनी नळ दुरुस्त करायला घेतला आणि स्वयंपाकघराचं तळं केलं, ती कहाणी तू जिना चढता चढता सांगितलीस. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला तरी तुझं चालूच! गेल्या आठवड्यात शेजारणीच्या मांजराची एवढीशी गोष्ट तू चार तुकड्यांत पाठवलीस. दर वेळी श्वास घ्यायच्या नेमकं आधी बटण सोडलंस. तिसऱ्या तुकड्यात म्हणालीस, ‘थांब हं, जिन्यातल्या कुंड्या बघते जरा.’ मी भावोजींना सहज विचारलं, जिन्यात बाग केलीत वाटतं? ते म्हणाले, ‘छे हो, वॉचमन चप्पल ठेवू देत नाही, कुंड्या कुठल्या!’

म्हणून हे पत्र. फोनवर तू म्हणाली असतीस, माझं बीपी अगदी छान आहे, तू तुझे उंदीर सांभाळ. माझं औषध हरलं, पण दुसऱ्यांची आहेत, आईच्या वेळी नव्हती ती. दुखणं वेळेवर सापडलं तर त्यांचा उपयोग होतो. तुमच्या गावात माझी एक जुनी विद्यार्थिनी हृदयाची डॉक्टर आहे. तिच्याकडे तुझी तपासणी ठरवलीय. कदाचित दुसरंच काही निघेल, साधं. शनिवारी मी येतोय. आपण दोघं चालत जाऊ, हळूहळू, आणि वाटेल त्या दुकानासमोर थांबू. मी काही विचारणार नाही. त्याआधी एक कर. हे वाचून मला भरपूर शिव्या घाल, पण एकाच मेसेजमध्ये, बटण न सोडता. जन्मभर माझंच खरं ठरावं म्हणून झटलो गं. या एका बाबतीत मला खोटं पाड.

तुझाच,
उंदीरमामा