वर्षभर नाव नाही

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू रडलीस आणि मी वेड्यासारखा भरती-ओहोटीच्या वेळा सांगत बसलो. तुझी आई मला दगड म्हणाली. म्हणून लिहितोय. चौथी शिकलेल्या माणसाच्या चुका पोटात घाल.

आमच्या खाडीत जाळी टाकायला बंदी, बाहेरच्या होड्यांना बंदी. डॉल्फिन मोजणाऱ्या मॅडम आणि त्यांची होडी हाकणारा मी, एवढेच आत जातो. तेही पिल्लू दिसलं की पन्नास हातांवर इंजिन बंद करायचं आणि नुसतं बघायचं. गेल्या आठवड्यात फाटकीला पिल्लू झालं. पाठीवरच्या पंखाला खाच आहे म्हणून मी तिला फाटकी म्हणतो. मॅडम सतरा नंबर म्हणतात. तिची आधीची दोन्ही वर्षाच्या आत गेली. हे तिसरं श्वासासाठी बुचासारखं उसळायचं, धपकन पडायचं. ती कुशीला घेऊन पोहायची. मी वल्हं धरून बसायचो. वल्ह्याचा काय उपयोग? बंदीमुळे जाळ्यात अडकून मरत नाहीत, एवढंच. बाकीचं मरण बंदीची पाटी वाचून थोडंच थांबतं!

मॅडमचा नियम आहे, वर्षाचं होईपर्यंत ना नंबर, ना नाव. वहीत नुसतं 'पिल्लू'. मागच्या खेपेला मी आगाऊपणा करून फाटकीच्या पिल्लाला लाडाचं नाव ठेवलं, हाकही मारायचो. नवव्या दिवशी ती एकटीच वर आली. काका, नावानं कोणी मरत नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्यांचं शिक्षण मोठं. मला काही ते पटलं नाही.

आणि तू म्हणालीस, बाबा, नाव सुचवा ना, दवाखान्यात बाळाच्या काचेच्या पेटीवर नुसतं 'मुलगी' लिहिलंय, बघवत नाही. मी म्हणालो, घाई कसली, घरी तर येऊ दे. तुला वाटलं, बाबांना नात नकोशी झाली. नाही गं. ती दोन महिने आधी आली, पण नाव मी त्याच्याही आधी मनात ठरवलं होतं. तोंड मिटून बसणं, तेवढंच माझ्या हातात आहे असं वाटलं.

आज सकाळी फाटकी एकटीच वर आली. तुला हे सांगू नये, पण सांगितल्यावाचून पुढचं लिहिता येत नाही. या पिल्लाला मी नाव ठेवलं नव्हतं. एकदाही हाक मारली नव्हती. तरीही. फोनवर उच्चारायला माझी जीभ अजून रेटत नाही, म्हणून नाव वेगळ्या चिठ्ठीवर ठसठशीत लिहून पाकिटात घातलंय. नर्सबाईंना पेटीवर चिकटवायला सांग. आणि तू काचेजवळ तोंड नेऊन तिला हाक मार. माझ्या वाटणीची एक जास्त मार.

तुझाच,
भित्रा बाबा