गेटपुढची रांग

८ डिसेंबर
भिंत अजून कोरीच! तात्यांची छोटी रेल्वे टेबलावर तयार आहे — रूळ, फाटक, माचिसच्या काड्यांची केबिन. मी पुण्याहून आणलेलं इंजिन मात्र आठ दिवस खोक्यात. "मागं देखावा लागल्याबिगर गाडी सुटायची न्हाय." माझे हे वडील एकतीस वर्षं बारामती-दौंड लायनीवर गेटमन होते. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कशाचा तरी हट्ट धरलाय. धरू देत.

९ डिसेंबर
माऊलीच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. त्यानं बर्फाचे डोंगर दाखवले. "ताई, हा लय चालतो. सलूनवाले, हॉटेलवाले, सगळे नेतात." तात्यांना मोबाईलवर दाखवला. "हितं बर्फ? ऊस जळंल की!"

मग मी माझं डोकं चालवलं — पडदा कोराच ठेवू, बघणाऱ्यानं आपापला देखावा भरावा! माझ्या कथांत मी हेच करते.

तात्या म्हणाले, "म्हंजी काम तू करायचं न्हाईस, आन् घाम त्यानं गाळायचा."

११ डिसेंबर
शेवटी सरळ विचारलं, गेटवरून काय दिसायचं? तात्यांना सांगता येईना! एकतीस वर्षं!

"हिरवा झेंडा धरायचा आन् गाडीकडं बघायचं. चाकातनं धूर निघतोय का, काय लोंबतंय का. डोंगर-बिंगर आत बसणाऱ्यांनी बघायचं."

मग — "गाडी गेली की मागं वळायचं. मागं रांग."

उसाचे ट्रॅक्टर, दुधाच्या कॅनवाले, फटफट्या. सगळे शिव्या देणारे. कुणाची शिवी कुठली, सगळं पाठ! झुंबर ट्रॅक्टरवाला कसा बोंबलायचा ते उभं राहून करून दाखवलं — "ओ तात्या, गाडी निघालीया का अजून तिकिटंच फाडत्यात?" आई पदर तोंडाला लावून हसली.

ठरलं. देखावा म्हणून रांग!

१२ डिसेंबर
गेटवर फोटो काढले. एका ट्रॅक्टरवाल्यानं माझ्यासाठी मुद्दाम कपाळावर आठ्या आणल्या.

१३ डिसेंबर
माऊलीनं घोळ घातला. सगळ्यांना गोरं करून हसवलं! खाली पट्टी — 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ'. "सवय वो ताई, हात आपोआप जातो."

१४ डिसेंबर
नीट केलेला फोटो तात्यांनी डोळ्याला लावून बघितला. "सगळ्यात पुढं पांढरी जीप पायजे. सोनबाची." कोण सोनबा? विचारलं, तर उठून बाहेर गेले.

आईनं भाकऱ्या थापता थापता सांगितलं. बारा वर्षं झाली. सोनबाचे वडील आबाजी, छातीत कळ आलेली, जीपमध्ये आडवे. गेट नुकतंच लागलेलं. स्टेशनला एकदा गेट लागल्याचं कळवलं की गाडी गेल्याशिवाय उघडायचं नाही, हा नियम. मालगाडी वाटेतच अडकली. पंचवीस मिनिटं. आबाजी जीपमध्येच गेले.

"सगळी रांग वरडत हुती म्हणं. सोनबा तेवढा बोलला न्हाय. आजून भेटला तर राम राम घालतो ह्यांना."

१५ डिसेंबर
तात्या आज स्वतःहून एवढंच बोलले — "एक शिवी तरी द्यायची त्यानं."

१७ डिसेंबर
वडगाव निंबाळकरला गेले. सोनबाकाका गोठ्यात होते. जीप कधीच विकली म्हणाले. मी चाचरत सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, हात धुतले, घरातून फोटो आणला. जीपला हार, बॉनेटला टेकून आबाजी.

"रांगेत आमीच पयले हुतो. तितंच लाव, पोरी."

चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या एसटीत वही उघडली होती. एक ओळही सुचली नाही.

१९ डिसेंबर
फ्लेक्स लागला. जीप सगळ्यात पुढे. माऊलीनं कुणालाही हसवलेलं नाही!

२० डिसेंबर
इंजिन रुळावर ठेवलं. मी बटणावर बोट ठेवून विचारलं, सोडू?

तात्यांनी बोटानं फाटक वर केलं. "थांबू दे गाडीला. आदी जीप जाऊ दे."