रस्त्याच्या मधोमध रेष

१२ मे
आज सीमा आयोगापुढे बोललो. छाप पडली. मागणी एकच: नव्या मतदारसंघाची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध आखा. कारण दिलं, समाजाची एकजूट. खरं कारण समोरचा ओरेस्ट यारेम्को. दर हिवाळ्यात हा गृहस्थ आपल्या अंगणातलं बर्फ ट्रॅक्टरने ढकलत रस्ता ओलांडतो आणि माझ्या फाटकावर आणून टाकतो. आता सरकारच त्याला परका ठरवेल.

१९ ऑगस्ट
नकाशा आला! रेष अगदी मधोमध! बर्फावर दगड सरकवायच्या आमच्या कर्लिंग क्लबात जाहीर करून टाकलं, या मतदारसंघाचा पहिला आमदार मीच. टाळ्या. पक्षाला फोन करून उमेदवारीही मागितली.

संध्याकाळी
डार्लीनने चष्मा लावून नकाशा पाहिला. नवा मतदारसंघ ओरेस्टच्या बाजूला सुरू होतो. आम्ही जुन्यातच. म्हणाली, शेजाऱ्याला हद्दपार करायला निघालास आणि स्वतःच झालास की रे लॉर्न! बायकोला राजकारण कळत नाही. कायद्याने कुठूनही उभं राहता येतं.

२ सप्टेंबर
माघार घ्यावी म्हणून (तब्येतीमुळे) पक्षाला फोन. ते म्हणाले, तुमच्या फोटोचे बोर्ड छापून झालेत, आणि आपल्या पक्षातलं तिथे दुसरं कुणी उभंच राहत नाही. असो. माघार माझ्या रक्तातच नाही.

२० सप्टेंबर
बोर्ड ठोकले. वाऱ्याने पडू नयेत म्हणून चांगले खोल. सगळे आमच्याच बाजूला, कारण माझी माणसं इथेच. डार्लीनने विचारलं, यातलं कोण तुला मत देऊ शकतं? मी म्हटलं, याला वातावरणनिर्मिती म्हणतात.

३० सप्टेंबर
अर्जावर त्या बाजूच्या मतदारांच्या सह्या लागतात. त्या बाजूला माझ्या ओळखीचा एकच. मुळीच जाणार नाही.

१ ऑक्टोबर
गेलो. अडला हरी, पण मी पाय धरले नाहीत, डार्लीनच्या हातच्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, नेल्या. ओरेस्टने सही केली, शेजारपाजाऱ्यांच्याही मिळवून दिल्या. वर विचारतो, निवडून आलास की राजधानीतच राहशील ना, कायमचा?
बर्फाचा विषय काढला नाही. प्रसंग तसा नव्हता.

२८ ऑक्टोबर
मतदान. माझ्या मतपत्रिकेवर माझं नावच नाही. माहीत होतं, तरी वाईट वाटलं. पडद्यामागे इतका वेळ उभा राहिलो की केंद्रावरच्या बाईंनी बाहेरून विचारलं, काका, बरं आहे ना?

२९ ऑक्टोबर
पडलो. समोरच्या बाजूच्या पेटीत मला एक मत. सुरुवात म्हणून वाईट नाही.
दुपारी ओरेस्ट दारात. म्हणाला, ते माझं होतं हं. बायकोने दिलं नाही, पण मी दिलं. मी आभार मानले. नाइलाज.

११ नोव्हेंबर
जमीन गोठली. बोर्ड हलेनात. आता एप्रिलपर्यंत गल्लीभर माझंच हसरं तोंड. क्लबात जाणं बंद.
काल रात्री बर्फ पडलं. सकाळी ओरेस्टने सगळं ढकलून माझ्या फाटकावर आणलं आणि हात हलवला. गाडी आत, मी आत. डार्लीन म्हणाली, जा, भांड त्याच्याशी.
कसा भांडू? सगळ्या रस्त्यावर माझा एकच मतदार आहे.
मीही हात हलवला. मग फावडं शोधलं.