बिऱ्हाडकरूंचा चहा

२ मार्च, सोमवार
सकाळीच धाकट्या बंधुराजांचा फोन. अर्थात हिच्याकडे. भेटायला यायचे आहे म्हणे, काहीतरी विचारायचे आहे. आईच्या शोकसभेत मी त्याच्या भाषणातल्या चुका जागच्या जागी उभा राहून सुधारल्या, तेव्हापासून त्याने या घराची पायरी चढलेली नाही. आईविषयी कोणी अशुद्ध बोलावे आणि छापखान्यात जन्मभर मुद्रिते तपासलेल्या थोरल्या मुलाने ते निमूट ऐकावे, अशी त्याची अपेक्षा होती काय?
ही म्हणाली, "सख्खा भाऊ एकच आहे तुम्हाला. तुम्ही नुसतं 'ये' म्हणा, बाकी मी बघते." मी म्हणालो, आधी त्याने हाक मारावी. तर म्हणते, "काय? जरा मोठ्यानं बोला हो, नुसते ओठ हलतात." हिचे कान गेले आहेत.
संकल्प: हिला कानाच्या डॉक्टरकडे नेणे.

३ मार्च
कंपवाताचा घरात उगाच बाऊ. वस्तुस्थिती अशी: अक्षर बारीक झाले आहे, त्यामुळे कागद वाचतो. चाल भारदस्त झाली आहे. सूनबाई म्हणाली, "बाबा, हल्ली तुम्ही हसतच नाही." या घरात हसण्याजोगे काय घडते? उजवा हात थरथरतो हे खरे. तो माझे ऐकत नाही. म्हणजे घरातल्या इतरांसारखाच.

५ मार्च, दुपार
कमाल झाली. सूनबाईने मला न विचारता बिऱ्हाडकरू ठेवले आहेत. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर कोट घातलेले एक गृहस्थ आणि मांडीवर पिशवी घेतलेली एक बाई. खाली एक तपकिरी कुत्रे. ना नमस्कार, ना चमत्कार. मी नाव विचारले. उत्तर नाही.
दार वाजल्याचे ऐकू आले नव्हते, म्हणून क्षणभर शंका आली. परंतु "तुला हे दिसतात का" असे कोणाला विचारणे म्हणजे आपल्या पायांनी वेड्यांत जाऊन बसणे. त्यापेक्षा शास्त्रशुद्ध कसोटी लावली. सूनबाईला सांगितले, पाहुण्यांना चहा आण. आणला, तर माणसे खरी.
तिने माझ्याकडे पाहिले, सोफ्याकडे पाहिले, सुस्कारा टाकला आणि तीन कप आणले. दोन सोफ्यापुढे ठेवून "घ्या हं" असेही म्हणाली.
सिद्ध.

६ मार्च
चहाला एकानेही हात लावला नाही. यजमानाचा चहा गार होऊ देणारी माणसे कोणत्या कुळातली असतात, ते सांगायला ज्योतिषी नको.

९ मार्च
रोज तोच प्रकार. मी चहा सांगतो, सूनबाई आणते, कप भरलेले परत जातात. आज ही भडकली. "अगं, कशाला लाड करतेस त्यांचे? तिथं काळं कुत्रं नाहीये!" मी शांतपणे दुरुस्ती केली की कुत्रे काळे नसून तपकिरी आहे.
हिने कपाळाला हात लावला. मग दोन्ही गार चहा उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकले. "दूध काय फुकट येतं?" बिऱ्हाडकरूंच्या देखत! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

१२ मार्च
कोटवाल्यांविषयी मत थोडे बदलले. ऐकून घेण्याचा गुण या गृहस्थांत आहे. मध्ये बोलत नाहीत, घड्याळ पाहत नाहीत, "काय?" म्हणत नाहीत. माझा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येतो, यावरून दोष कोणाच्या कानांत आहे ते उघड आहे.
त्यांच्यापुढे धाकट्याचा विषय काढला. समजा, तो आलाच. समजा, त्याने हाक मारलीच. तर काय म्हणावे? बराच विचार करून मजकूर पक्का केला: "ये. बस. चहा घे." तीन वाक्ये. क्षमा मागणे नाही, मागायला लावणेही नाही. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. कोटवाल्यांनी आक्षेप घेतला नाही.
हिला यातले काही सांगितलेले नाही. लगेच डोक्यावर बसेल.

१४ मार्च, शनिवार
मेंदूच्या डॉक्टरकडे. वय कोवळे, भाषा भेसळीची. विचारले, "आजोबा, घरात नसलेली माणसं दिसतात का कधी?" मी म्हणालो, नाही. घरात असलेलीच दिसतात. उत्तर निर्दोष होते.
पण ही मध्ये बोललीच. "डॉक्टर, दोन माणसं आणि एक कुत्रं आहे. रोज चहा लागतो त्यांना. कुत्र्याला नाही, एवढंच नशीब."
डॉक्टर हसला नाही, हे त्याला शोभले. म्हणाला, "या आजारात असं दिसतं बऱ्याच जणांना. कधी आजारामुळे, कधी आपल्याच गोळ्यांमुळे. एक गोळी थोडी कमी करून बघू. कंप जरा वाढेल. आणि शंका आली ना आजोबा, की सरळ घरच्यांना विचारायचं, हा माणूस आहे का म्हणून. त्यात लाज कसली?"
मी घरच्यांना विचारू! ज्यांना "सुचवणे" आणि "सूचित करणे" यांतला भेद कळत नाही, त्यांनी मला सांगावे की समोर कोण आहे!
परतताना सूनबाई रडली. "मला वाटलं, चहा दिला की तुम्हाला बरं वाटतं." म्हणजे माझ्या कसोटीत साक्षीदारच फितूर होता. कसोटीत दोष नव्हता.

१९ मार्च
पिशवीवाली दिसली नाही. कुत्रेही नाही. कोटवाले आहेत, पण कोटाच्या आरपार सोफ्याची नक्षी दिसते. हात फार हलतो. चमचा तोंडाकडे निघतो आणि कानाशी पोहोचतो.

२४ मार्च
सोफा रिकामा. मला ते खरे नाहीत हे पहिल्यापासून ठाऊक होते. मी केवळ घरच्यांची परीक्षा पाहत होतो. हिला तसे सांगितले. ही म्हणाली, "हो, हो."
खोली जरा मोठी वाटते. सोफा हलवला असावा.
संकल्प: यापुढे सोफ्यावर कोणीही दिसो, फसायचे नाही. चहा नाही, बोलणे नाही. एकदा हसे झाले, तेवढे पुरे.

२७ मार्च, शुक्रवार, दुपार
विजय!
झोपून उठलो, बाहेरच्या खोलीत आलो, तर सोफ्यावर पुन्हा एक माणूस. घरात दुसरे कोणी नाही. आणि या वेळी रोगाची लबाडी पाहा: त्याने चक्क धाकट्याचा चेहरा उसना आणला होता! तोही धड नाही. धाकटा चांगला गुबगुबीत. हा वाळलेला, टक्कल पडलेला, गालफडे बसलेली. वर माझी नक्कल. मांडीवरचा हात माझ्यासारखाच थरथरत होता. निर्लज्जपणाची परिसीमा.
मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी तोच म्हणाला, "दादा."
म्हणजे आता आवाजही येऊ लागले. डॉक्टरला कळवले पाहिजे.
मी उठलो, अगदी त्याच्या कानाशी गेलो आणि सुनावले: "तू नाहीस. मला पक्के ठाऊक आहे. तुझ्याशी मला काहीही बोलायचे नाही."
डोळ्यांत पाणी आणण्याचा अभिनयही त्याला जमला. मग उठला, भिंतीला धरून दारापर्यंत गेला आणि नाहीसा झाला. कोटवाले जायचे तसे विरून नाही. दार ओढून घेतले त्याने, हे जरा विशेष.
ही येताच सगळे सांगणार आहे. शाबासकी मिळायला हरकत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
ही औषधांच्या दुकानातून आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "भाऊजी कुठे गेले?"
मग तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत: तुम्ही झोपला होता. मी दार उघडलं, चहा दिला, म्हटलं, बसा, दहा मिनिटांत आले. त्यांनाही तेच झालंय हो, कंपवात. घरात कुणाला सांगितलं नाहीये अजून. म्हणाले, "वहिनी, आधी दादाला विचारतो, काय काय होतं ते. त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार?"
मी म्हणालो, हे मला आधी सांगायला हवे होते. ही म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही खोलीतून बाहेर आला असता का?"
सोफ्याशेजारी तिपाईवर कप होता. मी उचलून पाहिला. रिकामा होता. बशीत चहा सांडला होता, माझ्या बशीत रोज सांडतो तसा.

२८ मार्च
दोष डॉक्टरचा. दोष गोळीचा. येताना स्वतःचा धड चेहरा घेऊन न येणाऱ्या माणसाचाही आहेच.
तरीही मी थोरला आहे. हिला फोन लावायला सांगितला. मजकूर तयार होताच.
त्याने लगेच घेतला. "दादा?"
मी म्हणालो, "ये. बस. चहा घे."
तो म्हणाला, "हॅलो? दादा, तूच आहेस ना?"
मी पुन्हा म्हणालो. तिन्ही वाक्ये, स्पष्ट, सुटी सुटी, एकही अक्षर न गिळता. काल कानाशी जाऊन जे बोललो, ते त्याने नीट ऐकले होते. आज ऐकू न यायला काय झाले? पलीकडे त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "अजून नाहीच का मी तुझ्या लेखी?" असे म्हणून त्याने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.
हल्लीची यंत्रे निकृष्ट असतात. हिला तसे सांगायला वळलो, तर ही शेजारीच, मला अगदी खेटून बसली होती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अहो, बोलला का नाहीत काही?"